तानमनांचा हंस

वेल्मूत तानमन आमच्या घरात दोनदा आली. पहिल्यांदा आली ती कारभारीण म्हणून, काळ्या रेशमी झग्यात, टोपीखाली सोन्याची पट्टी लावून. दुसऱ्यांदा आली ती एक पेटी, एक उशी आणि बदलायचे दोन कपडे घेऊन, कायमची राहायला. पहिल्या वेळी मी तिथे नव्हते. त्या गोष्टी मला म्हाताऱ्यांनी सांगितल्या, आणि एकीचं दुसरी खोडून काढायची, त्यामुळे खरं काय घडलं ते मला बऱ्यापैकी कळलं. दुसऱ्या वेळी मात्र मी होते. हॉलंडमधल्या एन्कहाउझन गावातल्या त्या म्हाताऱ्या बायकांच्या घरात चूल माझ्या हाती होती.

वेल्मूत जन्मानं तानमन नव्हती. तिचा बाप हेरिंगच्या बोटीवर माशांना मीठ लावायचा, आणि एका वादळात बोटीसकट गेला. आईनं पोरीला तानमनांच्या भट्टीवर कामाला लावलं. भट्टीत ओकची साल मोठ्या कढयांमध्ये उकळायची आणि त्या तांबड्या-काळ्या पाण्यात जाळी नि शिडं बुडवून काढायची, म्हणजे ती समुद्रात लवकर कुजत नाहीत. बायकांचे हात कोपरापर्यंत तपकिरी व्हायचे आणि धुतले तरी तसेच राहायचे. रविवारी चर्चमध्ये भट्टीवरच्या पोरी ओळखू यायच्या, कारण त्या हात एप्रनखाली घालून बसायच्या.

ओलं जाळं पिळायचं तर दोघींनी दोन टोकं धरावी लागतात. म्हणून तिथे प्रत्येकीला जोडीदारीण असायची. वेल्मूतची जोडीदारीण दीवर. दीवर दांडगी, तोंडाळ, सारखं काहीतरी गुणगुणणारी. वेल्मूत बारीक आणि अबोल. एकदा वेल्मूतचा पाय घसरला आणि ती उकळत्या कढईवर तोल जाऊन पडणार, तेवढ्यात दीवरनं तिची वेणी धरून तिला मागे खेचलं. ही हकीकत मी दीवरच्याच तोंडून ऐकली आहे. "मी हिचा जीव वाचवला," ती सांगायची, "आणि ही बया डोकं दुखतं म्हणून माझ्यावरच रुसली."

पुढे मालकाचा धाकटा मुलगा सीमन वेल्मूतच्या मागे लागला आणि त्यानं घरच्यांशी भांडून तिच्याशी लग्न केलं. दीवर त्या लग्नात पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी नवी जोडीदारीण घेऊन कामावर गेली. थोडे दिवस दोघी रस्त्यात भेटल्या की थांबायच्या. मग नुसत्या माना हलवायच्या. मग वेल्मूत दुसऱ्या गल्लीनं जायला लागली.

सीमनचं नशीब उघडलं होतं. थोरला भाऊ वारला, भट्टी त्याची झाली, चार बोटींत भागीदारी झाली. दारावर पितळी घंटा आली, कपाटात चिनी कप आले. मूलबाळ झालं नाही. वेल्मूतनं ताक आणि राख चोळून चोळून हातांचा रंग घालवला, तरी ती उन्हाळ्यातही हातमोजे घालायची.

म्हाताऱ्या बायकांच्या घरावर देखरेख करायला चार कारभारी आणि चार कारभारणी असत. बहुतेक जुन्या घराण्यातल्या. एक जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी तानमनबाईंना बोलावलं. भट्टीवाल्याच्या बायकोला एवढा मान कधी मिळाला नव्हता. सगळ्या कारभारणींत मोठ्या होत्या फान वीरेंडाल बाईसाहेब. त्यांच्या सासऱ्याचा सासराही इथला कारभारी होता. त्यांनी वेल्मूतला चहाला बोलावून सांगितलं, "जेवणाच्या दालनात आमचा नवा फलक लागणार आहे. प्रत्येकीच्या नावाच्या वर तिच्या घराण्याची ढाल असेल. तुमच्या घराण्याचं चिन्ह तेवढं चिताऱ्याला सांगून ठेवा."

चितारी तानमनांच्या घरी आला, टोपी काढून उभा राहिला. "काय काढू?"

सीमन मोकळा माणूस. तो म्हणाला, "आमची कढई काढ. खाली जाळ, वर एक मासा. झाली ढाल!"

"छान दिसेल," चितारी म्हणाला. "बिअरवाल्यांच्या ढालीवर पिंप असतं, बेकरच्या ढालीवर पाव. इथे कुठे कुणी राजाकडून हुकूम आणलाय? ज्याला जे शोभेल ते घ्यायचं."

वेल्मूतच्या डोळ्यांसमोर तो फलक आला. फान वीरेंडालांचा सिंह, त्याच्या शेजारी तीन लिली, त्याच्या शेजारी बुरूज, आणि मग कढई.

"कढई नको," ती म्हणाली. "हंस काढा. निळ्या पाण्यावर पांढरा हंस. डोक्यावर सोन्याचा मुकुट."

सीमन हसायला लागला. "तानमनांच्यात हंस कुठून आला गं?"

"माझ्या आईच्या माहेरचा आहे," वेल्मूत म्हणाली. तिच्या आईच्या माहेरी एक बोकड होता. सीमननं तिच्याकडे पाहिलं, मग चिताऱ्याकडे पाहिलं. "मालकीणबाई हंस म्हणतायत, तर हंस," असं म्हणून तो भट्टीवर निघून गेला. त्या दिवशी तो रात्रीपर्यंत घरी आला नाही, असं त्यांची मोलकरीण नंतर गावभर सांगत होती.

दीवर तोवर आमच्या घरात येऊन राहिली होती. नवरा गेलेला, बोटांचे सांधे ओल्या जाळ्यांनी कायमचे वाकलेले. एकच मुलगी, आल्त्ये. ती धुणीभांडी करायची आणि एका नॉर्वेच्या खलाशाच्या प्रेमात पडली होती. वेल्मूत कारभारीण होऊन आली हे दीवरला माहीत होतं, आणि दीवर इथे आहे हे वेल्मूतला माहीत होतं. महिन्याच्या पाहणीला वेल्मूत आली की दीवरच्या पलंगापाशी ती फक्त चादरी बघायची.

फलक लावायच्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्यांना दालनात रांगेनं उभं केलं होतं. चितारी शिडीवर, खाली कारभारी आणि कारभारणी. ढाली नव्या रंगानं चकाकत होत्या. फान वीरेंडाल बाईसाहेब एकेक नाव वाचत होत्या. तानमन नाव आलं आणि त्या शांततेत दीवरचा आवाज घुमला.

"अगं वेल्मूत! हा हंस कुठून पकडलास? आपल्या भट्टीवर तर नुसती समुद्राची पाखरं यायची, नि जाळ्यांवर घाण करून जायची!"

रांग खदखदली. शिडीवर चितारीही हसला म्हणतात. कारभाऱ्यांपैकी एकानं खोकल्यासारखं केलं. मग कुणीच हसेना.

फान वीरेंडाल बाईसाहेबांनी हळू मान वळवली. "तानमनबाई, तुम्ही या बाईला ओळखता?"

"नाही," वेल्मूत म्हणाली.

दीवरला ती थट्टा वाटली. "अगं, मी दीवर! दीवर गं! तुझी वेणी..."

"मी हिला ओळखत नाही," वेल्मूत पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं. "ही कोण आहे मला माहीत नाही."

"मग हा उर्मटपणाच झाला," फान वीरेंडाल बाईसाहेब म्हणाल्या. "अपमान तुमच्या ढालीचा झालाय. शिक्षा तुम्हीच सांगा."

सगळ्यांचे डोळे वेल्मूतवर होते. आपण कच्च्या नाही हे दाखवायचं होतं तिला. दोन-चार दिवस जेवणातली बिअर बंद, एवढंही पुरलं असतं. ती म्हणाली, "सहा आठवडे दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. भेटायला कुणी यायचं नाही."

तेव्हा दीवरचा चेहरा कसा झाला ते मला त्राइननं सांगितलं. त्राइन म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात खवचट जीभ, पण हे सांगताना तिनंही आवाज खाली आणला. "हसता हसता दार आपटावं ना गं तोंडावर, तसा."

त्याच सहा आठवड्यांत आल्त्येचं लग्न झालं आणि त्याच सहा आठवड्यांत तिच्या नवऱ्याचं जहाज तिला घेऊन नॉर्वेला निघायचं होतं. दीवरनं आमच्या देखरेखीच्या बाईकरवी, तिला आम्ही सगळ्या मार्याआई म्हणायचो, वेल्मूतला निरोप पाठवला. फक्त एक सकाळ. बंदरापर्यंत जाऊन यायचं, बस. निरोप पोचला तेव्हा वेल्मूत फान वीरेंडालांकडे चहाला बसली होती. बाईसाहेबांनी विचारलं, "काय म्हणते ती?" वेल्मूतनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काही नाही. नियम तो नियम."

आल्त्ये निघायच्या सकाळी आमच्या दाराशी आली. दरवानानं दार अर्धवट उघडून सांगितलं, "तुझी आई बाहेर येणार नाही." एवढंच. शिक्षा झालीय हे सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, किंवा सांगायची मनाई असेल. दीवरला तो खलाशी जावई पसंत नव्हता आणि त्यावरून मायलेकींचं वाजलेलं होतं. पोरीनं ते शब्द तसेच घेतले आणि ती गेली.

वर्षं गेली. हेरिंगचे थवे दरवर्षी पातळ होत गेले, बोटी बंदरात सडायला लागल्या. बोटी नाहीत तर जाळी कुठली आणि जाळी नाहीत तर भट्टी कसली? सीमनला अर्धांगवायू झाला. तो दोन हिवाळे खुर्चीत काढून वारला. मग भागीदार आले आणि जे होतं नव्हतं ते घेऊन गेले. त्यांचं मोठं घर कुणी विकत घ्यायलाही तयार होईना. आमच्या गावात तेव्हा अशी कितीतरी घरं विटांसाठी पाडली जात होती, तेही पाडलं. वेल्मूत भाचीकडे मेडेम्ब्लिकला गेली, पण भाचीनं आठच दिवसांत तिला परत पाठवलं. म्हातारपणी माणूस ज्या गावचं त्या गावानंच त्याला पोसायचं, असं तिचं म्हणणं.

म्हणून ती आमच्या दाराशी आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. आत जायचं धैर्य होत नव्हतं.

"जेवायची घंटा झालीय, मावशी," मी म्हणाले. "कांजी गार होते."

"कुठे बसायचं?" तिनं विचारलं. ज्या दालनात ती वर्षानुवर्षं पाहणी करत फिरली होती, तिथे कुठे बसायचं ते तिला माहीत नव्हतं. नवीन आलेलीनं टेबलाच्या शेवटी बसायचं, असा आमचा रिवाज. आणि टेबलाचा शेवट बरोबर फलकाखाली.

ती आत आली तशा चाळीस म्हाताऱ्यांच्या चमच्यांचा आवाज थांबला. त्राइननं उठून बाक सरकवला. "या, बाईसाहेब, या. हंसाखाली बसा. वरून काही पडलंच तर घरचंच पडेल."

कांजीत तोंड घालून सगळ्या हसल्या. वेल्मूतनं मान वर केली नाही. समोर दीवर बसली होती. तिनं एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, ओठ पुसले आणि म्हणाली, "मीठ दे."

वेल्मूतनं मीठ पुढे केलं. पुढे करताना त्यातलं थोडं सांडलं. दीवरनं सांडलेलं मीठ बोटानं गोळा करून कांजीत टाकलं. त्या दिवशी दोघींत तेवढंच बोलणं झालं.

आमच्याकडे भिंतीतल्या कपाटासारख्या एका पलंगात दोघी झोपायच्या. दीवरची सोबतीण ईस्टरला वारली होती, त्यामुळे रिकामी जागा तेवढीच होती. मार्याआईनं दीवरला बाजूला घेऊन विचारलं, "चालेल का तुला? नाहीतर मी दुसऱ्या कुणाला हलवते."

"कशाला हलवताय? भिंतीकडची बाजू माझी आहे, तेवढं तिला सांगा. आणि पाय गार असतील तर मोजे घाल म्हणावं."

थोड्या दिवसांनी कारभाऱ्यांनी वेल्मूतला त्यांच्या खोलीत बोलावलं. जुन्यांपैकी आता कुणी उरलं नव्हतं. फान वीरेंडालांची सून मुख्य कारभारीण होती, तरुण आणि बोलायला गोड. ती म्हणाली, "आजी, बसा... म्हणजे, उभ्या राहिलात तरी चालेल. एक अडचण झालीय. फलकावर तुमची ढाल आहे, आणि तुम्ही आता... इथे जेवता. आमच्या ढालींच्या रांगेत ते जरा कसंसंच दिसतं. तुमची हरकत नसेल तर आम्ही ती रंगवून टाकू."

मी चहाचं तबक घेऊन तिथेच उभी होते. वेल्मूतची मान झुकली. तिच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच ती लालबुंद झाली, जणू त्या सुटकेत ती पकडली गेली. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. "ती खरी नव्हतीच. मी भट्टीवर जाळी रंगवायची."

"बरं, बरं," सून घाईनं म्हणाली. तिला ते ऐकायचं नव्हतं.

चितारी आला आणि त्यानं हंसावर काळा रंग फासला. जेवताना त्राइन वर बघून ओरडली, "बुडाला गं बुडाला, हंस बुडाला!" हशा पिकला. दीवर हसली नाही. पाव मोडता मोडता ती एवढंच म्हणाली, "तुझं पुसलं. माझं पुसायला कोण येणार?"

वेल्मूत उठली. तिनं आपला पाव तसाच एप्रनमध्ये गुंडाळला आणि त्या दिवसापासून ती दालनात कमी आणि माझ्या स्वयंपाकघरात जास्त दिसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं तरी भाज्या सोलायची, चुलीत जाळायच्या पीटमातीच्या वड्या रचायची, कढया घासायची. मी म्हणायचे, "अहो मावशी, राहू द्या, तुमच्या वयाला नाही शोभत." ती म्हणायची, "शोभण्याचं मला नको सांगूस, बाळ." एकदा घासता घासता तिनं मला दीवरची सगळी गोष्ट सांगितली. चहाचा कप खाली ठेवला त्याच्यासकट. मी विचारलं, "दीवरमावशीशी बोललात का कधी?"

"काय बोलू? रोज रात्री तिच्या शेजारी निजते. तोंड उघडलं की जीभ लाकडाची होते."

आणि मग आल्त्ये आली.

नॉर्वेहून लाकूड घेऊन एक जहाज आलं होतं, त्यावर. चाळिशी ओलांडलेली, रुंद हाडाची बाई, बोलताना मध्येच तिकडचे शब्द घुसायचे. तिच्या नवऱ्यानं एका एन्कहाउझनच्या खलाशाकडून ऐकलं होतं की दीवर अजून जिवंत आहे. भेटायला येणाऱ्यांना आमच्याकडे स्वयंपाकघरात बसवायचे, चुलीची ऊब असते म्हणून. दीवरला हाताला धरून आणलं. आधी दोघी रडल्या. मग दीवरनं तिच्या गालाला हात लावून म्हटलं, "लठ्ठ झालीस गं!" मग हसल्या. मी बिअर आणि चीज ठेवलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेल्मूत गाजरं सोलत होती. उठून जायचं तर दोघींच्या मधून जावं लागलं असतं, म्हणून बसून राहिली असेल, किंवा दुसऱ्या कशानं.

बऱ्याच वेळानं आल्त्ये म्हणाली, "आई, एक विचारू? त्या दिवशी तू आली का नाहीस? दार उघडून त्यानं सांगितलं, तुझी आई बाहेर येणार नाही. जहाजावर चढायची शेवटची हाक येईपर्यंत मी बंदराच्या घाटावर उभी होते. एवढा राग होता माझा?"

दीवर तिच्याकडे बघत राहिली. "राग? अगं, मला कोंडलं होतं! शिक्षा झाली होती मला. सहा आठवडे. तुला नाही सांगितलं?"

"शिक्षा? कशाची? कुणी केली?"

वेल्मूतच्या हातातली सुरी थांबली. मी चुलीकडे तोंड फिरवलं, पण कान कुठे फिरवता येतात?

दीवरनं चीजचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला. "होती एक कारभारीण," ती म्हणाली. "ती आता इथे नाही."

वेल्मूतनं पुन्हा गाजर सोलायला घेतलं, आणि ते सोलतच राहिली, हातात काडी उरेपर्यंत.

आल्त्ये उद्या परत येते म्हणून उठली. ती गेल्यावर दीवरला मी तिच्या जागेवर नेऊन बसवलं. परत आले तर गाजरं टेबलावर तशीच आणि वेल्मूत नाही. खुंटीवर तिची शाल होती. बाहेर बोचरा वारा सुटला होता.

पुढचं मला आल्त्येनंच सांगितलं. ती घाटावर पोचते न पोचते तोच मागून कुणीतरी धापा टाकत हाक मारली. बघते तर स्वयंपाकघरातली म्हातारी, डोक्यावर टोपीसुद्धा धड नाही.

"ती कारभारीण मी," म्हातारी म्हणाली.

आल्त्येला आधी कळेना. मग वेल्मूतनं सगळं सांगितलं. हंस सांगितला, 'ओळखत नाही' सांगितलं, एका सकाळसाठी आलेला निरोप आणि चहाचा कप सांगितला. घाटावर लाकडं उतरवणारी माणसं थांबून बघत होती. ती गावातली माणसं, तिला ओळखणारी. तिनं आवाज खाली आणला नाही.

आल्त्ये म्हणाली, "एवढी वर्षं मला वाटत होतं, आईला मी नको आहे. माझ्या पोरांना मी सांगितलं, तुमची आजी मेली."

आल्त्येनं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"आता हे मला सांगून तुम्हाला हलकं वाटलं?"

"नाही."

"मग बरं," आल्त्ये म्हणाली. "माझ्या आईला मी घेऊन जाते. तुमच्या या घरात तिला मी आता एक दिवस ठेवणार नाही." आणि पाठ फिरवून ती जहाजावर चढली.

तिनं बोलल्याप्रमाणे केलं. आमच्याकडचा नियम असा की एकदा घर सोडलं की परत जागा मिळत नाही. मार्याआईनं दीवरला तीनदा समजावलं. दीवर म्हणाली, "परत कशाला येऊ? इथल्या कांजीसाठी?" मग माझ्याकडे बघून, "तुझा दोष नाही गं, पीठच हलकं असतं."

तिचं गाठोडं बांधत असताना मी विचारलं, "दीवरमावशी, त्या दिवशी तुम्ही नाव का नाही घेतलंत? ती समोरच तर होती."

"खोटं कुठे बोलले? ती कारभारीण हातमोजे घालायची. ही गाजरं सोलते."

"म्हणजे तुम्ही माफ केलंत?"

"माफ!" दीवरनं गाठ आवळली. "माफ करायला ताकद लागते, पोरी. मला जिना चढायलाच पुरत नाही. निजायला शेजारी ऊब होती, मी निजले. झालं."

निघायच्या सकाळी आम्ही सगळ्या दारापर्यंत आलो. वेल्मूत आली नव्हती. दीवरनं इकडेतिकडे पाहिलं आणि ओरडली, "कुठेय ती? माझं गाठोडं कोण उचलणार?" मी आत गेले. वेल्मूत राखेच्या बादलीपाशी बसली होती. म्हणाली, "मी कोणत्या तोंडानं जाऊ?" मी म्हणाले, "तोंडाचं मला ठाऊक नाही. गाठोडं उचलायचंय."

तिनं उचललं. मी दीवरला एका बाजूनं धरलं होतं, आल्त्ये दुसऱ्या बाजूनं. आल्त्येनं वाटभर वेल्मूतकडे एकदाही पाहिलं नाही. लोक दारांत उभे राहून बघत होते. तानमनांची बाईसाहेब भट्टीवालीचं गाठोडं पाठीवर घेऊन चालली होती. एक कोळीण दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. वेल्मूतचे कान लाल झाले, पण तिनं चाल बदलली नाही.

जहाजावर चढायची फळी अरुंद होती. कप्तान म्हणाला, "नातेवाईकांशिवाय कुणी वर येऊ नका. ही कोण?"

दीवरनं मागे वळून पाहिलं. ती वेल्मूतकडे इतका वेळ बघत होती की मला वाटलं, आता फेडते सगळं. वेल्मूतलाही तेच वाटलं असणार. तिनं डोळे मिटून घेतले.

"ओळखते मी हिला," दीवर म्हणाली. "येऊ दे."

वेल्मूत गाठोडं घेऊन वर गेली, ते ठेवून खाली आली, आणि घाटावरच्या लाकडाच्या ओंडक्यावर बसून दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. जहाज बाहेर पडेपर्यंत तिनं हात काढले नाहीत, त्यामुळे दीवरनं हात हलवला की नाही ते तिला कधी कळलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणाली, "सांगू नकोस." म्हणून मीही इथे सांगत नाही.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. मार्याआईनं तिला टेबलावर प्रार्थना म्हणायचा मान दिला, वयानं मोठी म्हणून. तिनं तो त्राइनला देऊन टाकला, आणि त्राइननं तो दुसऱ्या कुणाला कधी मिळू दिला नाही. नवी कुणी राहायला आली की वेल्मूत दारापर्यंत जाऊन तिची पेटी आत आणायची आणि टेबलाच्या शेवटच्या टोकाला तिच्या शेजारी बसायची. बोलायची काही नाही.

नॉर्वेची खबर एकदाच आली. एक लाकूडवाला खलाशी माझ्या चुलीपाशी बसून बिअर पीत होता. म्हणाला, ती म्हातारी दोन हिवाळे छान जगली, सॅमन खाऊन कंटाळली म्हणायची, नातवाच्या बायकोला चीज कसं कापायचं त्यावरून बोलायची, आणि गेल्या लेंटच्या उपासांत झोपेत गेली.

वेल्मूत शेंगा निवडत होती. तिनं विचारलं, "एकटीच झोपली होती का?"

"एका नातीबरोबर झोपायची, असं ऐकलं," खलाशी म्हणाला.

"बरं झालं," वेल्मूत म्हणाली, आणि शेंगा निवडायला लागली.